सहा बाय नऊ

जुन्या गाडीचे लाड करायची वेळ आली, की आपला माणूस आधी मागची काच बघतो. बॉनेटखाली काय चाललंय ते त्याला आणि मेकॅनिकलाच ठाऊक. मागच्या काचेतून काय दिसतं ते मात्र सिग्नलला थांबलेल्या सगळ्या गावाला दिसतं. त्यामुळे क्लच प्लेट पुढच्या महिन्यावर जाते आणि मागे स्पीकर बसतात. तेही साधेसुधे नाहीत. सहा बाय नऊ.

म्हणजे सहा इंच रुंद, नऊ इंच लांब, अंडाकृती. दुकानात 'ओव्हल' म्हटलं तरी कळतं, पण 'सहा बाय नऊ' म्हणताना छाती जरा पुढे येते. मारुती ८०० बाळगणाऱ्या कितीतरी घरांत हे माप मुलांच्या बुटांच्या नंबरासारखं तोंडपाठ होतं. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेली ही गाडी. इंजिन ७९६ सीसीचं, सिलिंडर तीन. अजूनही एखाद्या सोसायटीत ती कव्हर पांघरून उभी असते. मालक विकायचं मनावर घेत नाही; आणि घेतलंच, तर स्पीकर गाडीबरोबर मिळणार नाहीत हे गिऱ्हाइकाला आधीच बजावून ठेवतो.

या हौसेला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिच्यात तथ्यही आहे. खालचा सूर ऐकू यायचा तर हवा भरपूर हलवावी लागते, आणि चार इंची गोल स्पीकरपेक्षा सहा बाय नऊचा पडदा तिपटीहून मोठा असतो. शिवाय जुन्या गाडीत टायरची आणि इंजिनची घरघर खालच्या पट्टीतच चालू असते. ती गाण्यातला नेमका तेवढाच भाग खाते. ऐंशीच्या पुढे काटा गेला, की झांजा शाबूत आणि ढोलकी गायब. मोठा स्पीकर बसवून माणूस खरं तर आपली ढोलकी परत मागत असतो.

गोची होते ती ट्रेपाशी. मागचा तो पातळ पुठ्ठेवजा ट्रे टोपी, छत्री आणि टिश्यूचा डबा यांच्यासाठी असतो. त्याला भोकं पाडून दोन जाडजूड लोहचुंबकं टांगली, की स्पीकरऐवजी ट्रेच गाऊ लागतो. म्हणून अठरा मिलिमीटरच्या प्लायचा नवा ट्रे बनतो आणि त्याला काळं कार्पेट चिकटवतात. मग तो इतका जड होतो, की डिकीचं दार उघडल्यावर दोऱ्यांनी वर यायचा तो ट्रे जागचा हलत नाही. दोऱ्या सोडून द्याव्या लागतात. भाजीची पिशवी तेव्हापासून मागच्या सीटवर.

फिटर मात्र बघत राहावा असा असतो. जुन्या वर्तमानपत्रावर जाळीचा आकार गिरवून घेतो, जिगसॉ फिरवतो, स्पीकर बसतो तिथे कडेला फोमची पट्टी लावतो. पडद्याच्या पाठीमागची हवा पुढच्या हवेत मिसळली तर बेस तिथल्या तिथे मरतो, हे त्याला पुस्तकाशिवाय माहीत असतं. शेवटी खिशातून एक पेन्सिल सेल काढतो, स्पीकरच्या दोन पत्त्यांना क्षणभर टेकवतो. पडदा 'टप्' करून बाहेर आला, तर सेलचं प्लस टोक ज्या पत्तीवर तीच प्लस. दोन स्पीकरांतला एक जरी उलटा जोडला गेला, तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि एवढा खर्च करून आवाज पूर्वीपेक्षा पातळ.

"काका, ॲम्प पण टाकून घ्या," तो म्हणतो. "स्टिरिओच्या खोक्यावर पन्नास गुणिले चार लिहिलंय, पण सलग द्यायची वेळ आली की वीसच्या आसपासच देतो तो."

"अरे दादा, गाडीपेक्षा गाणं महाग होईल."

"ते तर आत्ताच झालंय, काका."

आता माझं म्हणणं. गायक श्रोत्यांच्या पाठीमागे बसलाय अशी मैफल कुणी पाहिली आहे का? मागे बसतो तो तानपुरा. तो नसला तर पोकळ वाटतं, पण त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. मागच्या स्पीकरांनी एवढंच करावं. ऐंशी हर्ट्‌झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सव्वाचार मीटरची. अख्खी मारुती ८०० तिच्यापुढे आखूड पडते. एवढा खालचा आवाज पुढून येतोय की मागून, हे कानाला नीट उमगतच नाही. तो खुशाल मागून येऊ द्यावा. गायकाचा गळा मात्र डॅशबोर्डवरूनच यायला हवा, आणि त्यासाठी स्टिरिओत फेडर नावाची सोय असते. ती पुढे सरकवली की काम भागतं. आपल्याकडे ती सहसा मागे सरकवतात, कारण पैसे मागे खर्च झालेले असतात.

आवाज वाढवला, की गाडी साथीला उतरते ते वेगळंच. आधी नंबरप्लेट, मग डिकीतला जॅक, मग काचेची पट्टी. प्रत्येकाचा सूर ठरलेला. कुठे रबर, कुठे चिंधी कोंबून एकेकाला गप्प करावं लागतं, आणि एक गप्प झाला की त्याच्या आड दबलेला दुसरा बोलायला लागतो. मला हा उद्योग स्पीकरपेक्षा जास्त आवडतो, हे घरी सांगण्यात अर्थ नाही.

मागे बसणाऱ्यांचा विचार मात्र या सगळ्यात कुणीच करत नाही. आमची आत्या गाडीत बसली की दोन्ही स्पीकर बरोबर तिच्या अंबाड्यामागे. "आवाज कमी कर रे," हे तिचं पालुपद. यंदा वाईला जाताना फेडर चांगला पुढे घेऊन ठेवला, मागे नुसता खर्ज. खंबाटकी ओलांडेपर्यंत तिची एकही तक्रार नाही. वाईत उतरताना म्हणाली, "शेजारच्या गाडीत किती छान गाणी लागली होती रे! तूही तसले स्पीकर का नाही बसवून घेत?"