राहिलेले निकाल मोजा

कायद्याची शोधयंत्रं बनवून वकिलांना विकणाऱ्या तमाम कंपन्यांच्या प्रमुखांना,



तुमच्या जाहिरातीत तीन गोष्टी हमखास असतात: किती लाख निकाल साठवले, किती सेकंदांत शोधून दिले आणि आता जोडीला एआय कसं आलं आहे. चौथी गोष्ट कधी नसते. जे निकाल निघायला हवे होते, त्यांतले किती निघालेच नाहीत? हा आकडा तुम्ही छापत नाही. तुमच्यातल्या बहुतेकांनी तो कधी काढलेलाच नाही, असा माझा आरोप आहे.

हॉटेल शोधणाऱ्याला गावातल्या दहापैकी तीन चांगली हॉटेलं दिसली नाहीत तर त्याचं काही अडत नाही, उरलेल्या सातांत तो पोटभर जेवतो. वकिलाला मात्र तो एकच निकाल दिसला नाही, ज्यात त्याचा सगळा आधार सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढलेला आहे, तर त्याच्या अशिलाची जमीन जाते किंवा जामीन जातो. आणि तुमच्या पडद्यावर तर सगळं व्यवस्थित दिसत असतं.

या दुखण्याचं निदान फार पूर्वीच झालं आहे. १९८५ च्या मार्चमध्ये डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या दोघांनी ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. तुमच्या प्रत्येक अभियंत्याला नोकरीच्या पहिल्याच दिवशी तो वाचायला द्यायला हवा. अभ्यास एका खऱ्या खटल्याच्या कागदांवर होता. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ‘बार्ट’ रेल्वेची गाडी शेवटच्या स्थानकावर थांबली नाही, त्यावरून खटला उभा राहिला. बचाव पक्षाकडे सुमारे ४०,००० दस्तऐवज होते, म्हणजे जवळपास साडेतीन लाख पानं. ती आयबीएमच्या ‘स्टेअर्स’ या यंत्रात भरली होती. खटला लढवणाऱ्या वकिलांनी अट घातली होती की लागणाऱ्या कागदांपैकी निदान ७५ टक्के हाती आलेच पाहिजेत. ५१ प्रश्न घेतले गेले. अनुभवी सहायकांनी प्रत्येक प्रश्न शब्द बदलून, पुन्हा पुन्हा यंत्राला विचारला आणि वकिलांचं समाधान होईपर्यंत हे चालू राहिलं. मग संशोधकांनी न निघालेल्या ढिगातून नमुने उचलले आणि कुठून आणले ते न सांगता त्याच वकिलांपुढे ठेवले. वकिलांनीच त्यांतले कित्येक कागद कामाचे ठरवले. हिशेब लागला तेव्हा हाती आलेलं प्रमाण सरासरी २० टक्के निघालं.

याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त भीतीदायक वाटतो. जे कागद निघाले होते, त्यांतले ७९ टक्के कामाचे होते. म्हणूनच कुणाला संशय आला नाही! समोर येतं ते चांगलं असलं की माणूस धरून चालतो, सगळंच आलं असावं. वकिलाचा हा भाबडा विश्वास तुमच्या धंद्याचं भांडवल आहे, आणि त्याला धक्का लागेल असं काहीही तुम्ही पडद्यावर येऊ देत नाही.

कागद का निसटले, हेही त्या दोघांनी लिहून ठेवलं आहे. ज्यांचं नुकसान झालं ते ‘अपघात’ लिहीत. ज्यांच्यावर ठपका येणार होता ते ‘घटना’, ‘प्रसंग’, ‘अडचण’ लिहीत. काही पत्रांत तर नुसतं ‘आपल्या मागील पत्रातील विषय’ एवढंच होतं.

आता आपल्याकडे पाहा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. गुन्हा रद्द करून घ्यायला वकील त्याच कलमाखाली जात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. अटकपूर्व जामिनावरचे पायाभूत निकाल, १९८० चा गुरबक्षसिंग सिब्बिया आणि २०२० चा सुशीला अगरवाल, दोन्ही घटनापीठांचे, बोलतात ते जुन्या कलम ४३८ बद्दल. तालुक्याच्या कोर्टातला नवा वकील घाईत नवं कलम टाइप करतो. ज्या यंत्राला जुन्या-नव्या कलमांची जोडणी शिकवलेली नाही, ते त्याला नवे चार आदेश दाखवतं आणि चाळीस वर्षांचा कायदा मागेच ठेवतं.

शेतजमिनीच्या दाव्यांत तर याहून वाईट. १९४८ च्या कूळकायद्याच्या नावातला ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आला, पण आधीचे निकाल जुन्याच नावाने आहेत. पक्षकार ‘कूळ’, ‘वहिवाट’, ‘वाटप’ म्हणत येतो, खालच्या कोर्टाचे कागद मराठीत आणि उच्च न्यायालयाचा निकाल इंग्रजीत. त्यात ‘कूळ’ रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं. हा पूल बांधणं तुमचं काम होतं. १९१४ पासूनचे निकाल छापणाऱ्या, नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टरच्या संपादकांनी हेडनोट लिहिताना तेच केलं: निकालात तो शब्द नसला तरी निकाल कुठल्या विषयाखाली जातो, ते वाचून ठरवलं. तुम्ही ते वाचणारं माणूस खर्चात धरलंत आणि कमी केलंत.

एआयने हा रोग बरा होईल असं तुमचे विक्रेते सांगत फिरतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित कायदा-कंपन्यांची एआय साधनं तपासली. लेक्सिसच्या साधनाने १७ टक्क्यांहून अधिक, तर वेस्टलॉच्या साधनाने जवळजवळ एक तृतीयांश उत्तरांत चुकीचं किंवा आधार नसलेलं सांगितलं. ही तपासणी बाहेरच्यांना करावी लागली, यातच सगळं आलं.

‘सगळे निकाल वाचल्याशिवाय राहिलेले कसे मोजणार?’ ही तुमची सबब मी ऐकून घेणार नाही. नमुना कसा काढायचा ते १९८५ मध्येच दाखवलं गेलं. अमेरिकेत ‘ट्रेक’ या माहिती-शोध परिषदेच्या लीगल ट्रॅकने २००६ पासून उघड चाचण्या घेतल्या. भारतातही ‘फायर’ या तशाच परिषदेच्या व्यासपीठावर २०१९ मध्ये पूर्वनिर्णय आणि कलमं शोधून काढण्याची स्पर्धा झाली. पद्धत आहे, माणसं आहेत. तुम्हाला फक्त आपला आकडा लोकांसमोर नको आहे.

म्हणून मागणी करतो. प्रत्यक्ष वकिलांनी विचारलेले प्रश्न घ्या, दिवाणी, फौजदारी, महसूल, सगळे. उत्तरं कोणत्या यंत्राची ते न सांगता बाहेरच्या वकिलांकडून तपासून घ्या. किती टक्के राहिलं ते दरवर्षी छापा. कोणत्या न्यायालयाचे, कोणत्या वर्षांचे निकाल तुमच्याकडे नाहीत, किंवा स्कॅन नीट वाचता न आल्यामुळे शोधात येत नाहीत, ते शोधाच्या पानावरच लिहा.

आणि वकील मित्रांनो, वर्गणीच्या नूतनीकरणासाठी विक्रेता येईल तेव्हा त्याला एवढंच विचारा: तुमच्या यंत्रातून किती निसटतं? लेखी उत्तर मिळेपर्यंत चेक देऊ नका.

कळावे,
एक वकील