स्कोपकाका

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता संकेतस्थळावर लागतो आणि दीडच्या आत स्कोपकाकांनी आमच्या सोसायटीतल्या तीन घरांची बेल वाजवलेली असते. मूल पास झालेल्या घरी पेढा, नापास झालेल्या घरी धीर आणि दोन्ही घरी मार्गदर्शन. पेढा नि धीर एका घासात उरकतात. मार्गदर्शनाला तास लागतो.

असा गृहस्थ प्रत्येक गल्लीत असतो. कुठे तो निवृत्त मुख्याध्यापक असतो, कुठे एलआयसीचा एजंट, कुठे ज्याचा भाचा कॅनडात आहे असा कुणीही. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतले काका पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. ते जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे भूगोल घेऊन बी.ए., मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसचं टायपिंग, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड, कॉल, आणि थेट निवृत्तीचा नारळ. या अख्ख्या प्रवासात त्यांना कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनीही कुणाला काही विचारलं नाही. ती सगळी विचारपूस साचून राहिली होती, ती आता दुसऱ्यांच्या मुलांवर रिकामी होते.

पहिला प्रश्न ठरलेला. "किती पडले?"

"ब्याण्णव टक्के, काका."

"बेस्ट ऑफ फाइव्ह धरून, का सगळे धरून?"

2010 पासून राज्य मंडळाने सहापैकी चांगल्या पाच विषयांची टक्केवारी धरायला सुरुवात केली, त्याला आता दीड दशक होऊन गेलं. काकांनी ती अजून मंजूर केलेली नाही. ते सहावा विषय हिशोबात घेतात, चित्रकलेचे वाढीव गुण वजा करतात आणि ब्याण्णवचे साडेसत्याऐंशी करून मुलाच्या हातात परत देतात. आई पेढ्यांचा बॉक्स बंद करायला लागते. काकांचे स्वतःचे मॅट्रिकचे गुण मात्र पाटबंधारे खात्यातल्या गोपनीय अहवालात असावेत. काकूंनाही ते ठाऊक नाहीत.

दुसरा प्रश्न, "पुढे काय?" हा प्रश्न नसतो. उत्तरासाठी त्यात जागाच ठेवलेली नसते. मुलानं चुकून तोंड उघडलंच, तर काका त्याची आवड ऐकतात आणि लगेच तिचा अभ्यासक्रम करून टाकतात. कुत्रीमांजरं आवडतात? व्हेटर्नरी. फिरायला आवडतं? मर्चंट नेव्ही. आईशी वाद घालते? बारावीनंतरचा पाच वर्षांचा लॉ. पोळ्या लाटता येतात? हॉटेल मॅनेजमेंट. काहीच आवडत नाही, दुपारी बारापर्यंत झोपतो? एमपीएससी. 2016 मध्ये राज्य सरकारने दहावीच्या मुलांची संगणकावर कलचाचणी सुरू केली, तेव्हा काकांना तो आपल्या अधिकारावर घाला वाटला होता. एका मुलाचा कल ललित कलेकडे निघाला. काकांनी तो कागद चष्म्याच्या वर नेऊन, खाली आणून पाहिला आणि म्हणाले, "कल काय, आज इकडे, उद्या तिकडे. स्कोप बघायचा."

चित्रकलेविषयी त्यांचं मत तर अगदी आकड्यात आहे. इंटरमिजिएटला ए ग्रेड म्हणजे दहावीत सात वाढीव गुण. सात गुण मिळाले की चित्रकलेचं काम संपलं, ब्रश धुऊन ठेवावा. 1857 पासून मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे, तिथून माणसं बाहेर पडतात आणि पोटापाण्याला लागतात, हे कुणी सांगितलं तर ते म्हणतात, "ती माणसं वेगळी." वेगळी म्हणजे कशी, ते सांगत नाहीत. चहा आलेला असतो.

तर स्कोप. काकांचा स्कोप दर काही वर्षांनी बदलतो. बदलत नाही तो आवाजातला ठामपणा. 1983 साली वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. आपल्या सांगलीच्या मुख्यमंत्र्याने उघडलं, तेव्हा आत शिरणं हे जिल्ह्याचं कर्तव्यच आहे, असं काकांनी तेव्हा ऑफिसात जाहीर केलं होतं. सव्विसाव्या वर्षी, स्वतःला अपत्य नसताना. वालचंदला नंबर लागला तर सोनं, नाहीतर डोनेशन. मग कॉम्प्युटर आला. 2001 मध्ये एमएस-सीआयटी आलं, तेव्हा काकांनी शेजारच्या आजींनाही नाव घालायला लावलं. मग डी.एड. बारावीनंतर दोन वर्षं, लगेच शिक्षणसेवक, महिना तीन हजार, तीन वर्षांनी कायम. "सरकारी नोकरी, उन्हाळ्याची सुट्टी, गावातल्या गावात. यापेक्षा अजून काय पाहिजे?"

पुष्कळांना यापेक्षा अजून काही नको होतं. गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली, आणि नंतर भरतीच थंडावली. 2013 मध्ये टीईटी सुरू झाली तोवर काकांच्या सल्ल्याने डी.एड. झालेल्यांपैकी एकाने बसस्टँडजवळ डेअरी टाकली होती. डेअरी छान चालते. काका श्रीखंड तिथूनच आणतात आणि पैसे देताना न चुकता विचारतात, "टीईटीचं बघितलंस का रे? स्कोप येतोय परत." तो मुलगा, म्हणजे आता चाळिशीचा गृहस्थ, पन्नास ग्रॅम जास्त घालतो आणि गप्प बसतो.

काकांचा स्वतःचा मुलगा हा त्यांचा चालताबोलता दाखला. त्याला मेकॅनिकलला घातलं, कारण किर्लोस्करवाडी जवळ आणि मशीन काय कधी बंद पडणार नाही. मुलगा मेकॅनिकल झाला आणि हिंजवडीत जाऊन जावा लिहू लागला. यातून जे निघतं ते मला वाटतं स्पष्ट आहे. काकांनाही स्पष्ट आहे: "बघ, मेकॅनिकलला किती स्कोप आहे. आयटीवालेसुद्धा घेतात."

आयटीआयचं नाव त्यांच्यासमोर काढू नये. सांगलीत सरकारी आयटीआय आहे, मिरजेत शासकीय तंत्रनिकेतन आहे. दोन वर्षांचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन करून पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. हा जिना काकांना पूर्ण माहीत आहे. पण त्यांच्या मते तो मागच्या बाजूचा जिना आहे, पाहुण्यांना दाखवायचा नाही. गंमत अशी की काकू लग्नाआधी आयटीआयतून कटिंग-सुइंग करून आलेल्या. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीचे दोन हप्ते त्यांच्या शिलाई मशीनने भरले होते. काका त्याला "हिचा छंद" म्हणतात. काकू त्यावर काही बोलत नाहीत, ब्लाउजाचं माप घ्यायला आलेल्या बाईंना मात्र, टेप गळ्यात अडकवता अडकवता, "पोरीला काय आवडतं?" असं विचारून घेतात. मार्गदर्शनाचं हे दुसरं केंद्र आतल्या खोलीत चालतं आणि बाहेरच्या खोलीला त्याचा पत्ता नाही.

पर्सेंटाइल ही काकांची दुखरी जागा. सीईटीत नव्वद पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या दर दहांतले नऊ जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे. गुण किती पडले याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. काका ते नव्वद टक्के धरतात. त्यामुळे चांगलं कॉलेज हुकलं की त्यांना त्यात वशिल्याचा वास येतो. "नव्वद टक्के पडून नंबर लागत नाही म्हणजे काय!" नंबर न लागलेल्या मुलाला या एका वाक्याने जेवढा आधार मिळतो तेवढा घरात कुणी दिलेला नसतो, म्हणून त्यांची चूक कुणी दुरुस्त करत नाही.

2025 मध्ये मात्र गंभीर प्रकार घडला. तोवर आमच्याकडे अकरावीला कॉलेजात जाऊन फॉर्म भरत. त्या वर्षापासून प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पसंतीक्रमाने दहापर्यंत कॉलेजं भरायची, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यायचाच, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बसलं, ते काकांना शुभ वाटलं. मग एक्क्याण्णव टक्क्यांच्या एका मुलाला त्यांनी सल्ला दिला, "पहिल्या नंबरला खात्रीचं टाक. मोठी कॉलेजं खाली टाक, मिळाली तर मिळाली." पंगतीत बसल्याबरोबर कोशिंबिरीनेच पोट भरून घ्यावं तसं झालं. मुलाला पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, जिथे त्याला अजिबात जायचं नव्हतं, आणि आता सोडताही येईना. वडील चिडून आले. काका शांत होते. "पहिल्या फेरीत पहिला चॉइस मिळाला! लोक तिसऱ्या फेरीपर्यंत रडतात." वडील खुर्चीत बसले, चहा प्यायले आणि थोडेसे अभिमानाने घरी गेले. हे कौशल्य कुठल्या अभ्यासक्रमात शिकवतात ते मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

इतकं सगळं असून लोक काकांकडे का जातात, हे मला एका गुणगौरव समारंभात कळलं. गणेश मंडळाने तो भरवला होता. गुणवंतांना दप्तर आणि फुलझाड, मग नगरसेवकांचे दोन शब्द, मग काकांचं 'दहावीनंतर काय?' काका एआयवर बोलले. या वर्षी स्कोप तिकडे आहे. डॉक्टर जाणार, वकील जाणार, सीए जाणार. राहणार कोण, तर जो एआय करेल तो. एआय करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायला एका पोराने हात वर केला होता, पण मंडळाच्या कार्यकर्त्याला तो पाणी मागतोय असं वाटलं.

शेवटी मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. हळदीच्या वखारीत कामाला, साडीच्या काठावर पिवळी पूड. म्हणाल्या, मुलीला डिप्लोमाचा फॉर्म भरायचाय, नॉन-क्रीमिलेयरची मुदत मार्चमध्ये संपली, सायबर कॅफेवाला म्हणतो आता ओपनमधून भर.

काकांनी माईक बाजूला ठेवला. त्यांचा आवाज खाली आला आणि एकदम सरळ झाला.

"ओपनमधून अजिबात भरू नका. आज शुक्रवार. सोमवारी सेतूत जा. तहसीलदारांचा तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला आधी, तो नसेल तर त्याचा अर्ज आधी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि आधारवर नाव एकच आहे का बघा, आडनावात काना-मात्रा चुकला तरी परत पाठवतात. नॉन-क्रीमिलेयरच्या अर्जाची पावती मिळेल, ती फॉर्मला जोडा, मूळ दाखला मुदतीत द्या. जातीच्या दाखल्याची पडताळणी झालीय? नाही? मग ती फाइल आजच काढायची. पुढे इंजिनिअरिंगला जाईल तेव्हा त्यावाचून चांगली चांगली पोरं ओपनला जाऊन पडतात. आणि ऐका, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, पण सरकारी प्रवेश फेरीतून गेलात तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलंत की माफी गेली. कुणी एजंट आला तर त्याला हे विचारा."

सभागृहात पेन शोधण्याचा आवाज झाला. मग दुसरी आई उठली: वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्व प्रमाणपत्राला जन्माचा पुरावा कुठला चालतो? मग एक रिक्षावाले: रेशनकार्डावर मुलाचं नाव नाही. काकांनी प्रत्येकाला कागद, टेबल आणि वार सांगितला. कुठल्या टेबलावर जेवणानंतर जायचं नाही, हेही. पंधरा मिनिटांत व्यासपीठाभोवती पन्नास-साठ आईबाप जमले. नगरसेवकांना निघायला वाट मिळेना, फुलझाडं पायाखाली येऊ लागली. एआयबद्दल कुणी काही विचारलं नाही.

शेवटच्या माणसाचा दाखला मार्गी लागला तेव्हा काकांनी घड्याळ पाहिलं. चेहरा पडला होता. त्यांनी माईक पुन्हा हातात घेतला, त्यावर दोनदा टिचकी मारली आणि निघालेल्या गर्दीला वैतागून म्हणाले, "हे झालं कारकुनी काम. कुठं निघालात? बसा सगळे, आता मुद्द्याचं बोलतो."