नव्या नावातला श

गावाचं नाव राजपत्रात बदलतं तेव्हा गावाला त्याचा पत्ताही नसतो. गावाला ते कळतं पाट्यांवरून, आणि पाट्या आपापल्या सवडीने बदलतात. आमच्या उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा सरकारी कचेऱ्यांनी तत्परता दाखवली. दुकानदारांनी दाखवली नाही, कारण नवा बोर्ड म्हणजे खिशातले पैसे. त्यापेक्षा जुन्या नावावर नव्या नावाचं स्टिकर चिकटवलं की भागलं. पण मराठवाड्यातलं मे महिन्याचं ऊन असल्या स्टिकरचं फार दिवस ऐकून घेत नाही. कडा सुटतात, एक बाजू वर वळते आणि खालून जुनं नाव डोकावतं. तुळजापूर रस्त्यावर एका पाटीवर मी 'उस्माशिव' असं वाचलेलं आहे. या नावाची मागणी कुणीच केली नव्हती, त्यासाठी मोर्चा निघाला नव्हता, तरी ते गाव काही महिने अस्तित्वात होतं, आणि तिथे पंक्चर चांगलं काढून मिळायचं.

सरकारी हकिकतही काही एका दमात चिकटलेली नाही. जून २०२२ मध्ये एका मंत्रिमंडळाने धाराशिवचा निर्णय घेतला आणि लगेच ते सरकारच गेलं. जुलैत दुसऱ्या मंत्रिमंडळाने तोच निर्णय पुन्हा घेतला. २४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्राची परवानगी आली, ती शहराच्या नावापुरती. जिल्हा आणि तालुका बदलायला सप्टेंबर उजाडला. मधले सहा-सात महिने आम्ही मुक्काम धाराशिव, तालुका जिल्हा उस्मानाबाद असे राहत होतो. पोस्टमनने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही; पिनकोड तोच होता.

मग प्रकरण उच्च न्यायालयात. तिथली तारीख तर कुणी मुद्दाम जुळवून आणल्यासारखी आहे. ७ मे २०२४ ला आम्ही लोकसभेसाठी मतदान केलं ते उस्मानाबाद मतदारसंघात. मतदारसंघाचं नाव गावाबरोबर बदलत नाही, ते पुढची पुनर्रचना होईपर्यंत जागचं हलत नाही. आणि दुसऱ्याच दिवशी, ८ मे ला, मुंबई उच्च न्यायालयाने नामांतर वैध ठरवलं. म्हणजे बोटावरची शाई उस्मानाबादची आणि बोट धाराशिवचं. २०२५ मध्ये रेल्वेनेही स्टेशनचं नाव बदललं. तिकिटावरचं यूएमडी जाऊन डीआरएसव्ही आलं. एवढ्या व्यंजनांचा उच्चार करून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आमच्या भागाला हे नवं नाही. औशाकडचे ऐंशीच्या पुढचे एखादे आजोबा धरा. त्यांचा जन्म निजामाच्या संस्थानात, पहिलीतली पाटी भारतातल्या हैदराबाद राज्यात, चड्डीतून धोतरात आले ते द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १९६० ला महाराष्ट्र. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्यांचा जिल्हाही गेला. इतकं सगळं अंगणातल्या एकाच लिंबाखाली बसून. शिवाय औसा विधानसभा मतदारसंघ अजूनही उस्मानाबाद लोकसभेतच आहे, त्यामुळे आजोबा राहतात लातूर जिल्ह्यात आणि खासदार निवडतात तो अशा नावाच्या मतदारसंघाचा, जे नाव आता जिल्ह्याला नाही. त्यांना यातलं काही विचारलं तर ते म्हणतात, "पाऊस कधी पडंल ते सांगा."

राजकारणात कोण जिंकलं, कोण हरलं, यावर बोलणारी मंडळी चौकाचौकात भरपूर आहेत आणि त्यांचा चहा माझ्यापेक्षा कडक असतो. दोन्ही नावांवर जीव असलेली माणसं एकाच गल्लीत राहतात, एकमेकांकडे शिरखुर्मा आणि पुरणपोळी पाठवतात, हे मला पुरेसं आहे. मला या सगळ्यात रस आहे तो एका अक्षरापुरता. उस्मानाबादमध्ये श नव्हता. धाराशिवमध्ये आहे.

हे क्षुल्लक वाटेल, पण श हे मराठीतलं मानी अक्षर आहे. त्याला दोन रूपं आहेत. एक आपल्या शाळेत गुरुजी गिरवून घेत ते, देठ असलेलं. दुसरं उत्तरेकडच्या वळणाचं, हिंदी पुस्तकांतून आलेलं. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ ला देवनागरी लिपीबद्दल रीतसर निर्णय काढून सांगितलं आहे, की मराठीत श देठयुक्त लिहावा आणि ल पाकळीयुक्त. देठ आणि पाकळी हे शब्द कृषी खात्याबाहेरच्या शासन निर्णयात त्याआधी कधी आले असतील असं वाटत नाही. मला तो निर्णय फार आवडतो. सरकार नावाच्या एवढ्या मोठ्या यंत्राने एके दिवशी बसून एका अक्षराच्या देठाची काळजी केली, याचं कौतुक करायला हवं.

काळजी केली, पण संगणकाला कोण सांगणार? विंडोजबरोबर कचेरी-कचेरीत पोचलेला मंगल हा फाँट केला र. कृ. जोशी यांनी, म्हणजे मराठीतल्याच एका कवीने आणि थोर सुलेखनकाराने. पण तो साऱ्या देवनागरीसाठी होता, आणि त्यात श आणि ल उमटतात ते उत्तरेच्या वळणाचे. नंतरच्या काही चांगल्या फाँटांत मराठी श असतो, पण आत दडवून ठेवलेला. मजकुराची भाषा मराठी आहे असं संगणकाला मुद्दाम सांगितलं तरच तो बाहेर येतो. नवी नवरी माजघरात आणि बाहेर पाहुण्यांशी बोलायला दुसरंच कुणीतरी, असा हा प्रकार. तेव्हा झालं असं, की एवढ्या वर्षांच्या मागणीनंतर, सभा-निवेदनं-निकालांनंतर, आपलं म्हणून जे नाव आलं, ते निम्म्या पाट्यांवर हिंदी श घेऊन आलं. अस्मितेचं देठच गळालं.

मी हे बोललो नाही असं नाही. बसस्टँडजवळ एक फ्लेक्सवाला आहे, पोरगा हुशार, हात विजेचा. रात्री अकराला त्याच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी असते, कारण कुणाचा ना कुणाचा वाढदिवस बारा वाजता लागणार असतो. त्याला म्हटलं, "बाळा, या श-ला देठ नाही."

"कशाचं देठ?"

"श-चं."

त्याने पडद्यावरचा 'धाराशिव' मोठा करून पाहिला. इतका मोठा केला, की फक्त श उरला. मग माझ्याकडे पाहिलं. "ओ काका, श म्हंजे श असतंय की. शहामृगातला दिलाय, पोटफोड्या दिला असता तर बोलायचं."

"पण मराठीत..."

"काय करायलाव काका, माणसं फोटो बघत्यात. श कोण बघतंय?"

बरोबर होतं त्याचं. फ्लेक्सवर अक्षर हे फोटोंमधल्या फटी बुजवायला असतं. वर महापुरुष, त्यांच्याखाली राज्याचे नेते, मग जिल्ह्याचे, मधोमध गॉगल लावलेले उत्सवमूर्ती, आणि तळाला शुभेच्छुकांच्या मुंड्यांची रांग. पुढाऱ्याचं मोठेपण टेपाने मोजता येतं. कुणाचा फोटो गेल्या खेपेपेक्षा चार बोटं लहान झाला, यावरून गटात काय चाललंय ते चहावाला अचूक सांगतो. वर्तमानपत्राला ते आठ दिवसांनी कळतं. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने आमच्या चौकात एकही उत्सवमूर्ती सिंहाशिवाय उभी राहिली नाही. पतसंस्थेच्या संचालकाच्या खांद्यामागून सिंह डरकाळी फोडतोय, आणि संचालक मात्र पासपोर्टच्या फोटोत बसतात तसे हसताहेत.

यातलं सर्वात टिकाऊ पद म्हणजे 'भावी'. नगरपालिकांच्या निवडणुका रखडल्या आणि आमचे भावी नगरसेवक तीन-चार वर्षं भावीच राहिले. एवढ्या काळात प्रत्यक्ष नगरसेवकसुद्धा थकतो. काहींची त्या पदावर इतकी छान घडी बसली होती, की डिसेंबर २०२५ ला एकदाचं मतदान लागलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंदापेक्षा निवृत्तीचं सावट दिसलं.

फ्लेक्सआधी पेंटर होते. ब्रश, ऑइलपेंटचा डबा आणि खडूची आखणी. त्यांना शासन निर्णयाची गरज नव्हती, श-ला देठ आपोआप यायचं, कारण हात शाळेतल्या पाटीवर घडलेला. दुकानाचं नाव भिंतीपेक्षा लांब निघालं तर शेवटची दोन अक्षरं अंग चोरून उभी राहायची, आणि कोपऱ्यात पेंटरची बारीक सही. त्या सहीमुळे पाटी कुणाची तरी असायची. फ्लेक्सवर शंभर चेहरे असतात, पण तो केला कुणी, हे कुठेच नसतं. जुने पेंटर चुका करत नसत असं नाही. 'भाडयाने' आणि 'भाड्याने' हा वाद त्यांनी आयुष्यभर अनिर्णित ठेवला. पण ती चूक ब्रशने केलेली असायची, तिला निदान वाळायला वेळ लागायचा.

फोटोची ही हौस नको तिथेही गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याकडे नद्या शेतांतून वाहिल्या, पिकाबरोबर मातीही गेली. मदत आली, तिच्या पिशव्यांवर नेत्यांचे फोटो होते, आणि लोकांनी त्यावर जे बोलायचं ते बोललं. मला एवढंच वाटलं, की त्या दिवशी तरी पिशवी कोरी चालली असती.

असो. नावाच्या गोष्टीत सगळ्यांत शांत राहिली ती शेळी. उस्मानाबादी शेळीचं नामांतर झालेलं नाही. काळी कुळकुळीत, काटक, बऱ्याचदा जुळी देणारी ही शेळी कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदीत उस्मानाबादी आहे, आणि राज्याच्या शेळीगट योजनेतही: दहा शेळ्या, एक बोकड, उस्मानाबादी किंवा संगमनेरी. संगमनेरीच्या जिल्ह्याचंही नाव मधल्या काळात बदललं, पण ती तालुक्याच्या नावावर असल्यामुळे वाचली. आता धाराशिव जिल्ह्यातला लाभार्थी उस्मानाबादी शेळीसाठी अर्ज करतो, आणि कचेरीत कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. याच्या अगदी उलट आमची लेणी. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानच्या, नावावरून गाव उस्मानाबाद झालं, तरी डोंगरातली लेणी मात्र सारा काळ धाराशिवचीच राहिली. लेणी एका नावावर आणि शेळी दुसऱ्या नावावर, अशी ही वाटणी कुठल्याही न्यायालयात न जाता झालेली आहे.

श-चा विषय मी सोडला असता, पण मध्ये तेरला जाणं झालं. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठणबरोबर या तगरचं नाव आहे. इथला माल बैलगाड्यांनी भडोचला जाई आणि तिथून जहाजाने रोमकडे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, हातात मावेल एवढी. तिच्याच घराण्यातली एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेई शहराच्या उत्खननात सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि राखेखाली गाडली गेली ती. आता नेपल्सच्या संग्रहालयात असते. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. थोडक्यात, नामांतर तिलाही चुकलं नाही.

तर या पाँपेईच्या बाईच्या तळाशी एक अक्षर कोरलेलं आहे. लिपी खरोष्ठी, म्हणजे वायव्येकडची, गांधारकडची. आणि ते अक्षर वाचतात 'शि'.

ती मूर्ती तेरची, भोकरदनची की आणखी कुठली, यावर विद्वानांना भांडू द्या. मला आपलं बरं वाटलं. दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या वळणाची बाई परदेशी निघाली, तेव्हाही तिच्यावरचा शि उत्तरेकडचाच होता, आणि त्यावाचून तिचं काही अडलं नाही. ही हकिकत मी फ्लेक्सवाल्याला मोबाइलवर फोटो दाखवून सांगितली. मला वाटलं, एवढ्या जुन्या पुराव्यापुढे त्याला माझ्या देठाचं महत्त्व पटेल, किंवा निदान मला त्याच्या बिनदेठाचं. त्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला. मधली बाई पाहिली, तिच्या दोन्ही बाजूंच्या लहान आकृत्या पाहिल्या.

"मधली उत्सवमूर्ती," तो म्हणाला. "बाजूला कार्यकर्ते. आन् खाली अक्षर हाय म्हंता, तर ते शुभेच्छुकाचं असणार. 'शि' वरून कोण काका? शिंदे का शिवाजीराव?"