तीन शिट्ट्यांची कथा

दिवाळी अंकासाठी संपादकांचा फोन जुलैतच आला. "ऑगस्टअखेर कथा द्या." मी म्हणालो, "डोक्यात तयारच आहे!" डोक्यात तेव्हा फक्त कोंडा होता.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक भर पावसात दिवाळीचं लिहीत आलाय. माझ्यामुळे परंपरा खंडित नको, म्हणून आठ दिवस रजा टाकली. पहिल्या दिवशी टेबल खिडकीशी नेलं. दुसऱ्या दिवशी समोरच्यांचे वाळत घातलेले लेंगे दिसतात म्हणून परत आणलं. तिसरा दिवस पेनाची निब कोमट पाण्यात भिजवण्यात गेला. चौथ्या दिवशी वाचलं, की फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं टोमॅटोच्या आकाराचं टायमर लावून अभ्यास केला आणि त्यातून २५ मिनिटांची 'पोमोदोरो' पद्धत निघाली. तसलं टायमर मागवलं. ते आलं सहाव्या दिवशी. त्याच्या टिकटिकीनं झोप मात्र गाढ लागली.

हाताशी जितका वेळ तितकं काम फुगतं, असं पार्किन्सन १९५५ साली लिहून गेला. माझं फुगलंसुद्धा नाही. वहीत एकच वाक्य होतं : 'पाऊस पडत होता.' त्यातला 'पाऊस' खोडून 'पर्जन्य' केला होता. मग पुन्हा 'पाऊस'.

आठव्या संध्याकाळी बायको भिशीला निघाली. "अहो, कुकर लावलाय. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. तेवढं जमेल ना?" त्या 'तेवढं'मध्ये आमचा एकवीस वर्षांचा संसार होता.

ओट्याशी उभा राहिलो. वही आत, म्हणून विजेच्या बिलाची पाठ घेतली. तीन शिट्ट्यांत काय होणार, म्हणून काहीच न ठरवता खरडू लागलो. पहिल्या शिट्टीला कथेतले काका भांडून घराबाहेर पडले. दुसरीला वळकटी घेऊन स्टेशनात पोचले. पॅसेंजर लागली, काका चढले, शिट्टी झाली...

ती इंजिनाची की कुकरची, हे मला आजही सांगता येणार नाही. गाडी सुटली, एवढं खरं.

बायको परतली ती करपल्याचा वास जिन्यात घेतच. कुकरचं पाणी आटून गेलेलं, वरणाच्या भांड्याच्या बुडाशी तूरडाळीची काळीकुट्ट पोळी.

"किती शिट्ट्या झाल्या?"

"काका कर्जतला पोचले."

तिनं उलथन्यानं डाळ खरवडायला घेतली. मधेच ओट्यावरचं बिल उचललं, पुढून रक्कम वाचली, मग मागून कथा. "कर्जतला उतरून कुठे जातात हे?"

"अगं, उद्या कुकर किती वाजता लावणार आहेस?"