अर्ध्या ब्लेडचा पुरावा

हल्ली वस्तऱ्याला बरे दिवस आले आहेत. सलूनमधल्या नव्हे, हौशी गृहस्थांच्या बाथरूममधल्या वस्तऱ्याला. जर्मनीतल्या झोलिंगेनचं किंवा इंग्लंडातल्या शेफील्डचं पातं, शिंगाची मूठ, शेजारी खिळ्याला टांगलेला चामड्याचा पट्टा आणि धार लावायला दोन-तीन प्रतींचे दगड असा सगळा संसार मांडून ही मंडळी सांगतात, की दाढीचं खरं सुख यातच आहे. बाकीचे आपण दोन धारांचं ब्लेड अडकवलेला सेफ्टी रेझर गालावरून फिरवतो, ते नुसतं उरकणं. यातलं निम्मं खरं आहे. वस्तऱ्याची दाढी सुखाची होते, याला सलूनच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेलं कुठलंही गिऱ्हाईक साक्ष देईल. पण त्या सुखाचं श्रेय पात्याला देणं म्हणजे गाणं रंगलं म्हणून तानपुऱ्याच्या गवसणीला हार घालणं. माझं म्हणणं असं, की वस्तऱ्याचं सुख दुसऱ्याच्या हातात असतं. तो आपल्या हातात आला, की सुख संपतं आणि साहस सुरू होतं.

पुरावा लांब शोधायला नको. नाक्यावरच्या सलूनमध्ये तो दिवसभर मोडून दाखवला जातो. धोकटीतून निघणारा आणि पट्ट्यावर परजला जाणारा जुना वस्तरा शहरांतून जवळजवळ गेला. एड्स आणि काविळीच्या धास्तीनं प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड हा नियम रुजला, तेव्हापासून वस्तरा म्हणजे नुसता दांडा. कारागीर टोपाझ किंवा तसलंच एखादं ब्लेड घेतो, कागदासकट मधोमध वाकवतो, कट्ट करून मोडतो आणि अर्धं दांड्यात सरकवतो. म्हणजे पोलाद तेच, धार तीच, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जाडीही तीच. अख्खं असलं की घरच्या रेझरमध्ये जातं, अर्धं झालं की वस्तरा म्हणवून घेतं. तरीही गिऱ्हाईक उठताना गालावर हात फिरवून म्हणतं, “घरी अशी होत नाही राव!” होत नसेलच. पण एकाच ब्लेडचा एक तुकडा सज्जन आणि दुसरा दुष्ट कसा निघेल? तेव्हा धारेला या खटल्यातून मुक्त करायला हवं.

खरा फरक हातात आहे, आणि तो पाण्यापासून सुरू होतो. दाढीचा केस पाणी पितो, दोन-तीन मिनिटांत मऊ पडतो आणि मग तो कापायला फारसा जोर लागत नाही. न्हावी फवारा मारतो, फेस करतो, ब्रश गोल गोल फिरवतो, मध्येच टीव्हीवरच्या सामन्याबद्दल मत देतो आणि पुन्हा ब्रश फिरवतो. आपल्याला वाटतं, हा वेळ काढतोय. प्रत्यक्षात अर्धी दाढी तिथेच झालेली असते. घरी हेच काम आपण लोकलची वेळ बघत अर्ध्या मिनिटात आटोपतो आणि मग ब्लेडच्या नावानं खडे फोडतो. संत सेना महाराजांनी आपल्या धंद्यावरून जो प्रसिद्ध अभंग रचला, त्यात विवेकाचा आरसा आहे, वैराग्याचा चिमटा आहे, शांतीचं पाणी आहे. वस्तऱ्याचं मात्र नाव नाही. अध्यात्मातला अर्थ जाणकारांनी सांगावा, पण कसबी माणूस म्हणून महाराजांनी निवडलेल्या वस्तू मला अचूक वाटतात. पाण्यानंतर येतो अंगठा. न्हावी अंगठ्यानं कातडी ताणतो, खुर्चीभोवती फिरतो, वाकून हनुवटीखाली बघतो, आपली मान हवी तशी वळवतो. स्वतःची दाढी वस्तऱ्यानं करणाऱ्याला यातलं काहीच धड जमत नाही. उजव्या हातात वस्तरा धरून डाव्या गालाशी गेलं, की मनगट नेमकं आरशाच्या आड येतं. कातडी ताणणारा दुसरा हात डोक्यावरून आणावा लागतो. शिवाय कंठमण्यापाशी पोचेपर्यंत माणसानं श्वास रोखलेला असतो आणि जबडा आवळलेला असतो. अशा अवस्थेला कोणी आराम म्हणत असेल, तर युद्धालाही सहल म्हणायला हरकत नाही.

सेफ्टी रेझर जन्माला आला तो नेमकी ही अडचण ओळखून. अठराव्या शतकात झाँ-झाक पेरे या फ्रेंच कारागिरानं वस्तऱ्याच्या धारेला आडोसा द्यायची कल्पना मांडली. त्यानं दाढीवर एक ग्रंथही लिहिला आणि त्याच्या नावातच स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याचा उल्लेख होता. म्हणजे न्हावी गैरहजर आहे हे त्यानं गृहीतच धरलं होतं. पुढे किंग कँप जिलेटनं फेकून देता येईल असं पातळ ब्लेड आणलं. १९०३ साली त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख ब्लेडं घेतली, कारण खंदकात चिखल असतो, उंदीर असतात, समोर शत्रूही असतो. न्हावी तेवढा नसतो. या रेझरचं डोकं नीट पाहा. ब्लेड किंचित वाकवून आवळलेलं असतं, म्हणून ते थरथरत नाही. कडेची पट्टी कातडी ताणून धरते, हे अंगठ्याचं काम. धार किती डोकवावी आणि साधारण कोणत्या कोनात टेकावी, हे मनगटाचं काम कारखान्यातच ठरून आलेलं असतं. दाबायला दांड्याचं वजन पुरतं. थोडक्यात, न्हाव्याच्या हाताचं जेवढं कसब लोखंडात उतरवता आलं, तेवढं त्यात उतरलं आहे. सामन्यावरचं मत तेवढं राहिलं.

हौशी मंडळी इथे दोन हरकती घेतील. पहिली अशी, की अर्ध्या ब्लेडचा वस्तरा हा वस्तराच नव्हे. अस्सल जाड पाठीच्या पात्याची धार मवाळ असते आणि ते जन्मभर टिकतं. मवाळ असते, हे कबूल. पण टिकतं ते पातं, धार नाही. २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं, की पोलादाहून पन्नासपट मऊ असलेला केसही तिरका वाकून भिडला तर धारेचे टवके काढतो. म्हणून वस्तरा दर वेळी पट्ट्यावर परजावा लागतो आणि अधूनमधून दगडावर घासावा लागतो. युरोपात श्रीमंतांकडे सात वारांचे सात वस्तरे असत, पाठीवर वारांची नावं कोरलेले. पोलादालाही विश्रांती हवी अशी समजूत होती. ती मिळावी म्हणून नोकर मात्र रोज राबत असणार. दुसरी हरकत, की सरावानं सगळं जमतं. जमतं की! सराव झालेले लोक आहेत आणि त्यांचे गाल गुळगुळीत आहेत. पण महिनोन्‌महिने कातडी सोलून मिळवायची ती विद्या झाली, आराम नव्हे. तीन-चार पात्यांच्या काडतुसाचं म्हणाल, तर ते केस कातडीखाली कापतं आणि कुरळ्या दाढीवाल्याच्या मानेवर फोड उठवतं. त्याचा विचार इथे पुरे. सेफ्टी रेझर मात्र अगदी निर्दोष आहे असं नाही. तो खोटं धैर्य देतो. माणूस दाब देतो, पहिल्याच फेरीत उलटा हात मारतो, आणि तेच ब्लेड महिनाभर वापरतो, कारण त्यात धार नसली तरी आशा उरलेली असते. मग होणाऱ्या जळजळीला तुरटीचा खडा किती पुरणार?

तेव्हा घरी सेफ्टी रेझर, भरपूर पाणी आणि हलका हात. वस्तरा हवाच असेल तर तो न्हाव्यासकट घ्यावा, सुटा आणू नये. आणि खुर्चीत बसल्यावर ब्लेड आपल्यासमोर मोडलं एवढं पाहून मगच डोळे मिटावेत.