बंदोबस्ते निघतात

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण सोसायटीत त्यांना सगळे बंदोबस्तेच म्हणतात. आता तर टपालवाला सोडला तर खऱ्या आडनावाची कुणाला आठवण नाही. तसा प्रत्येक सोसायटीत एक बंदोबस्ते असतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, घराचा हप्ता फिटलेला, मुलगी शिकायला बाहेरगावी, आणि कॉलेजात असताना 'बघू पुढं' म्हणून राहून गेलेली बुलेट शेवटी एकदाची पार्किंगमध्ये उभी. गाडी घेताना वहिनींना सांगितलेलं कारण असं होतं, "आता आपण दोघंच. मनात आलं की निघायचं." वहिनी भाबड्या. त्यांनी विश्वास ठेवला.

मनात आलं की निघायला बंदोबस्तेंना आठ दिवस लागतात.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये सतरंजी अंथरली जाते आणि तिच्यावर सामान मांडायला सुरुवात होते. लग्नात रुखवत मांडतात तसं. डाव्या बाजूला हत्यारं: आठ-नऊपासून बावीस-चोवीसपर्यंतचे पाने, पक्कड, तीन स्क्रू ड्रायव्हर, प्लगचा पाना, एलन कीचा जुडगा, टायर काढायचे लिव्हर, क्लचची वायर, ॲक्सिलेटरची वायर, जादा ट्यूब, फ्यूज, एम-सील, काळी चिकटपट्टी. मधोमध औषधं, तीही डोक्यापासून पायापर्यंत अशा क्रमाने. उजवीकडे शिट्टी, होकायंत्र, दोन बॅटऱ्या, मेणबत्त्या, चाकू, नायलॉनची दोरी आणि लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी यांच्या लॅमिनेट केलेल्या तीन-तीन प्रती. मूळ कागद वेगळे, मोबाइलमधले वेगळे. शेजारीपाजारी बघायला येतात. बंदोबस्ते प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिचं प्रयोजन सांगतात. फक्त 'हे नवरीने स्वतः विणलंय' एवढं म्हणायचं राहतं.

"होकायंत्र कशाला?" मी एकदा विचारलं होतं. आम्ही दिवेआगरला निघालो होतो, ताम्हिणी घाटातून. पौडवरून सुटलेला रस्ता मुळशी, ताम्हिणी करत माणगावलाच उतरतो. मध्ये उत्तर कुठं आहे हे कळलं तरी त्या दिशेला जायची सोय नाही.

"धुकं असतं हो घाटात," ते म्हणाले.

धुक्यात रस्ता दिसत नसेल तर होकायंत्र तरी कसं दिसणार, हे मी विचारलं नाही. बंदोबस्तेंना प्रश्न विचारला की यादीत एक वस्तू वाढते, हे अनुभवाने कळलंय. त्या प्रश्नावर तिसरी बॅटरी आली असती.

या यादीचं मूळ लडाखमध्ये आहे. बंदोबस्ते लडाखला गेलेले नाहीत, पण गेली सहा वर्षं निघतायत. त्या वाटेवर लाहौलमध्ये तांडी नावाच्या गावी एक पेट्रोल पंप आहे आणि पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, अशी पाटी तिथं होती. तिचा फोटो त्यांनी कुठंतरी पाहिला आणि त्या फोटोने माणूस कायमचा बदलला. तेव्हापासून पाच लिटरचा कॅन गाडीला बांधलेला असतो. पाच लिटर पेट्रोल म्हणजे पावणेचार किलो. पौडला पंप, माणगावला पंप, म्हसळ्याला पंप. त्या सगळ्यांसमोरून आपले बंदोबस्ते तांडीच्या माणसाच्या नजरेने पुढं जातात.

हत्यारांबद्दल मात्र मला जरा बोलायचंय. माझ्या वडिलांकडे येझदी होती. तिच्या बाजूच्या डब्यात रेक्झिनच्या गुंडाळीत दोन पाने, एक जादा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा असे. गाडी घाटात बंद पडली की वडील प्लग काढायचे, काजळी घासायचे, फुंकर मारायचे, परत बसवायचे आणि किक मारायचे. दहापैकी नऊ वेळा गाडी चालू व्हायची. दहाव्या वेळी वडील गाडीशी थोडा वेळ बोलायचे, मग चालू व्हायची. त्या काळात पाना जवळ असणं म्हणजे खरोखर काहीतरी असणं होतं. एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम आले, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. बंदोबस्तेंच्या बुलेटला तर किकसुद्धा नाही. तिचं काही बिनसलं तर मेकॅनिक आधी तिला यंत्र जोडतो आणि मग पडद्याकडे बघत मान हलवतो. म्हणजे जिला संगणक लागतो तिच्यासाठी हे चौदा पाने घेऊन फिरतात. हे मी त्यांना सांगितलं, तर ते गंभीर झाले. त्यांच्या डोळ्यांत मला लॅपटॉप दिसला. मी विषय बदलला.

आता हे सगळं गाडीवर चढवायचं. इथं बंदोबस्ते शास्त्र सोडत नाहीत, आणि शास्त्र बरोबरच आहे. जड सामान खाली आणि मध्ये, हलकं वर. मागच्या चाकाच्याही मागे ओझं गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुलायला लागतं. दोन्ही बाजूंच्या बॅगा समतोल हव्यात. त्यासाठी ताणकाटा आहे. डावी बॅग नऊ किलो दोनशे, उजवी आठ किलो नऊशे. मग उजवीकडे तीनशे ग्रॅमचं कुलूप टाकायचं. कुलूप कशाला लावायचं हे ठरलेलं नाही, पण त्याचं वजन बरोबर आहे. उजव्या बाजूला सायलेन्सर असतो हे मात्र पहिल्या खेपेला लक्षात आलं नव्हतं. तेव्हा बॅगेला तळाशी भोक पडलं आणि वहिनींनी दिलेला पोह्यांचा चिवडा पानशेतला पोचेपर्यंत पुन्हा एकदा भाजून निघाला. आता तिथं लोखंडी पट्टी लावून घेतलीय. दीड किलोची. मग डावीकडे दीड किलो.

असं करत एकूण सामान चौतीस किलो भरलं. गाडी १९५ किलोची, बंदोबस्ते ब्याऐंशीचे. मागच्या सीटवर आडवी बॅग, तिच्यावर गुंडाळलेला तंबू. दिवेआगरला खोली ठरवलेली होती, तरी तंबू. त्याच्यावर रबरी दोऱ्यांची जाळी. आणि मग तो प्रश्न आला, जो येणारच होता.

"मी कुठं बसू?" वहिनींनी विचारलं.

बंदोबस्तेंनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. खरोखर शोधलं त्यांनी.

वहिनी श्रीवर्धनच्या एसटीने गेल्या. सोबत एक कापडी पिशवी.

निघताना बंदोबस्तेंना स्वतःलाही बसता येईना. पाय मागून टाकावा तर तंबू आडवा. शेवटी बाजूच्या स्टँडवर गाडी, एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने माझा खांदा आणि उजवा पाय गुडघ्यात दुमडून टाकीवरून पलीकडे, अशा आसनाने ते स्थानापन्न झाले. वॉचमनने टाळ्या वाजवल्या. मी माझ्या स्प्लेंडरवर. मागे एक सॅक, जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली. तिच्याकडे बंदोबस्तेंनी एकदा पाहिलं आणि काही बोलले नाहीत. डॉक्टर रिपोर्ट बघून बोलत नाहीत तसं.

पौडच्या पुढं पाऊस आला. जुलै महिना, ताम्हिणीची वाट, येणारच. मी सॅकच्या वरच्या कप्प्यातून रेनकोट काढला आणि घातला. बंदोबस्तेंचा रेनकोट उत्तम होता, दुहेरी शिवणीचा, पावणेदोन किलोचा. पावणेदोन किलोचा, म्हणून जड. जड, म्हणून तळाशी.

चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली आम्ही सामान उतरवायला लागलो. आधी जाळी, मग तंबू, मग आडवी बॅग. तिच्यातून बॅटऱ्या, दोरी, शिट्टी, औषधांचा डबा, फोल्डिंग कप, स्टोव्ह. टपरीच्या बाकड्यावर सगळं ओळीने मांडलं गेलं, कारण बंदोबस्तेंना ढीग सहन होत नाही. बाहेर पावसात एसटीची वाट बघणारी माणसं आत सरकली. एका आजींनी बॅटरी उचलून पेटवून पाहिली.

"केवढ्याला, बाबा?"

"विकायची नाही आजी."

"मंग मांडलीया कशाला?"

याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात एकाने चाकूची घासाघीस सुरू केली होती. रेनकोट हाती लागला तेव्हा बंदोबस्ते बनियनपर्यंत भिजलेले होते आणि बाहेर ऊन पडलं होतं. सगळं परत भरायला पाऊण तास लागला. एक शिट्टी कमी भरली. त्या आजींवर माझा संशय आहे, पण मी बोललो नाही. त्यांना तिचा जास्त उपयोग होईल.

मुळशीच्या पाण्याकडेला फोटोसाठी थांबलो. बंदोबस्तेंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, स्टँड लावला, त्याच आसनाने उलट दिशेने उतरले, हेल्मेट काढलं आणि धरणाकडे तोंड करून एक मोठा श्वास घेतला. त्यांच्या पाठीमागे स्टँड ओल्या मातीत सावकाश रुतत होता. मला दिसत होतं, पण ते इतक्या शांतपणे चाललं होतं की काही होईल असं वाटेना. आणि मग १९५ अधिक चौतीस किलो एका कुशीवर झोपले.

आम्ही दोघांनी उचलून पाहिलं. हलेना. सामान काढावं तर निम्मं गाडीच्या खाली. बंदोबस्तेंनी खिशातून यादी काढली आणि वाचायला सुरुवात केली. मला वाटतं, गाडी उचलायचं काहीतरी आपण नक्की घेतलेलं असणार अशी त्यांची खात्री होती.

तेवढ्यात मागून एक दूधवाला आला. माझ्यासारखीच स्प्लेंडर. दोन्ही बाजूंना लोखंडी अँगलला अडकवलेले चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, म्हणजे नुसतं दूधच ऐंशी किलोच्या वर, आणि सीटवर पेंडीचं पोतं. हे सगळं ट्यूबच्या एका पट्टीवर. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी. त्याने गाडी उभी केली, उतरल्याबरोबर पायानेच एक चपटा दगड सरकवून स्टँडखाली घेतला, न बघता, जशी आपण चप्पल घालतो. मग आमच्याकडे आला. तिघांनी मिळून बुलेट उभी केली. त्याने दुसरा एक दगड शोधला आणि तिच्याही स्टँडखाली ठेवला.

"काका, पावसाचं दगड ठेवावा लागतो," एवढं म्हणून तो गेला.

बंदोबस्ते त्या दगडाकडे बराच वेळ बघत होते.

पुढचं थोडक्यात. घाट उतरून विळ्याच्या पुढं माझी स्प्लेंडर मागून डुलायला लागली. पंक्चर. बंदोबस्तेंचा चेहरा असा उजळला की मला माझ्या पंक्चरचा अभिमान वाटला. "आली ना वेळ!" असं म्हणत त्यांनी नवाकोरा पंक्चर संच उघडला. आतून रीमर, रबरी वाती, वंगण निघालं. संच ट्यूबलेस टायरचा होता. माझ्या चाकात ट्यूब होती. तसं पाहिलं तर त्यांच्याही चाकांत ट्यूबच. रुबाब येतो म्हणून तारांची चाकं त्यांनीच हट्टाने घेतली होती. मग त्यांनी जादा ट्यूब काढली. ती बुलेटची, माझ्या चाकात ती म्हणजे धाकट्याच्या अंगात थोरल्याचा शर्ट. शेवटी दोन किलोमीटर गाडी ढकलली. झाडाला टायर टांगलेला दिसला, खाली एक काका बसलेले. त्यांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे पाहिले, घासलं, सोल्यूशन लावलं, पॅच ठोकला. वीस मिनिटं. बंदोबस्ते उकिडवे बसून एक-एक हत्यार वहीत लिहून घेत होते. घमेलंसुद्धा लिहिलेलं मी पाहिलं.

दिवेआगरला पोचलो तेव्हा वहिनी सुपारीच्या वाडीत पाय पसरून कोकम सरबत पीत बसल्या होत्या. आंघोळ झालेली, साडी बदललेली. त्या दुपारी बाराला पोचल्या होत्या. बंदोबस्ते खोलीपर्यंत सामान वाहायला लागले. सहा खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला वहिनींनी विचारलं, "अहो, टॉवेल आणलाय ना? माझा ओला आहे." टॉवेल यादीत नव्हता.

परवा पुन्हा त्यांच्या हॉलमध्ये सतरंजी दिसली. या वेळी लोणावळा. जुन्या रस्त्याने, कारण एक्स्प्रेसवेवर दुचाकी चालत नाही. एका बाजूने सत्तर किलोमीटरसुद्धा भरत नाहीत. टॉवेल होता, दोन होते. घमेलं होतं, स्टीलचं, घडी न होणारं. आणि सतरंजीच्या मधोमध, मऊ फडक्यावर ठेवलेला, काळा, चपटा, स्वच्छ धुतलेला दगड. शेजारी चिठ्ठी: क्रमांक ५४, वजन १ किलो १०० ग्रॅम.

"हा तो मुळशीचा?"

"तोच. कातळाचा आहे. खाली कोकणातला जांभा बघितला होता मी, पण तो भुगा होतो."

"बंदोबस्ते, लोणावळ्याला निघालात तुम्ही. अख्खा घाट दगडाचा आहे."

त्यांनी दगड उचलला, ताणकाट्याच्या पिशवीत ठेवला, आकडा पाहिला आणि डाव्या बॅगेत, अगदी वर, हाताला लागेल असा ठेवला.

"दगड असतात हो तिथं," ते म्हणाले, "पण हा आपल्या माहितीतला आहे."

आतल्या खोलीत वहिनी फोनवर एसटीची वेळ विचारत होत्या.