एडवर्ड झोपत नाही

तिला ओळखायला वेळ लागत नाही. खांद्यावर दूध पुसायचं फडकं, केस कालच्याच चिमट्यात, एका हातावर तीन महिन्यांचं बाळ आणि दुसऱ्या हातात मोबाइल. त्या मोबाइलवरच्या ‘ट्वायलाइट’ कादंबरीत अमेरिकेतल्या फोर्क्स नावाच्या सदापावसाळी गावात १७ वर्षांची बेला एडवर्ड नावाच्या रक्तपिपासू तरुणाच्या प्रेमात पडत असते. बाईंचं स्वतःचं वय ३२, शिक्षण एम.टेक., आणि माहेरच्या कपाटात जी. ए. आणि गौरी देशपांडे. पण बाळाचं वजन सांगता सांगता ती मध्येच विचारते, "काकू, तुम्ही ‘न्यू मून’ वाचलंय?" लोक झबलं-टोपडं घेऊन बाळ बघायला येतात आणि एडवर्डची माहिती घेऊन परत जातात. तो किती देखणा आहे, पियानो किती छान वाजवतो, आणि मुख्य म्हणजे तो झोपत नाही. हे शेवटचं वाक्य ती दोनदा सांगते. दुसऱ्यांदा सांगताना नवऱ्याकडे बघते.

या वेडाचं निदान घरोघरी एकच होतं: बाळंतपणानं मन हळवं झालंय, तिला पुन्हा १७ वर्षांचं व्हायचंय. हे निदान साफ चुकलेलं आहे. पुन्हा १७ वर्षांचं होणं म्हणजे पुन्हा बारावी. बत्तिशीतली कोणतीही शहाणी बाई असला सौदा करणार नाही. तिला प्रियकर नकोय, रात्रपाळी घेणारा माणूस हवाय, आणि याचा पुरावा खुद्द पुस्तकातच आहे. एडवर्डचा जन्म १९०१ चा. १९१८ च्या स्पॅनिश फ्लूत मरायला टेकला असताना त्याला रक्तपिपासू करून वाचवण्यात आलं, तेव्हापासून त्याच्या डोळ्याला डोळा नाही. बेला झोपली की हा जागा. ‘जेवायला काय आहे’ असं तो विचारत नाही. आपल्या पोटाचं आपणच जंगलात जाऊन बघतो. डबा नाही, घोरणं नाही, ‘उद्या लवकर मीटिंग आहे’ नाही. घरात आणखी सहा जण आहेत आणि त्यांतलंही कुणी झोपत नाही. सात माणसांचं एकत्र कुटुंब आणि रात्री तीनला सगळी टक्क जागी! अशा सासरी नांदायला कोण नाही म्हणेल? याच्याशेजारी आता सरकारी आकडे ठेवा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. ‘घरकाम करणाऱ्या पुरुषांचा’ हे शब्द नीट वाचावेत. जे काडीलाही हात लावत नाहीत, ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. हे वाचल्यावर रक्त पिणारा नक्की कोण, हा प्रश्न जरा अवघड होतो.

कुणी म्हणेल, हा अर्थ ओढूनताणून काढलाय. लेखिकेनं साधी प्रेमकथा लिहिली. पण लेखिका कोण ते पाहा. २००३ च्या जूनमध्ये स्टेफनी मेयर अ‍ॅरिझोनात तीन लहान मुलगे सांभाळत होत्या. एका रात्री त्यांना स्वप्न पडलं, त्यातून ‘ट्वायलाइट’ सुरू झालं आणि २००५ मध्ये छापून आलं. तीन पोरांच्या आईला स्वप्न पडेपर्यंत झोप मिळाली, हाच या सगळ्यातला सर्वांत अद्भुत भाग. अशा बाईनं नायक रचताना त्याची झोपच काढून घेतली, हा योगायोग मानायला मी तयार नाही. २००८ च्या चौथ्या भागात तर सगळं उघडच होतं. बेला आई होते. गरोदरपण महिन्याभरात उरकतं. डोहाळे रक्ताचे लागतात. त्यापेक्षा आपली अळिवाची खीर बरी. मुलगी सात-एक वर्षांत पूर्ण वाढून मोकळी होणार असते, तिला घ्यायला घरात चढाओढ लागते, आणि बाळंतपणानंतर बेलालाही झोपेची गरज उरत नाही. प्रेमकथा म्हणून हे विचित्र वाटेल. बाळंतिणीचं मागणीपत्र म्हणून वाचलं, तर एकही कलम जास्तीचं नाही.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: वाचायचंच तर ‘श्यामची आई’ वाच. पुस्तक थोर आहे, पण ते मुलानं सांगितलेलं आहे, आणि जिचं मूल अजून बोलायलाही लागलेलं नाही त्या आईला रात्री तीनला आदर्श नको असतो, आधार हवा असतो. शिवाय ‘श्यामची आई’ सुचवणाऱ्या पिढीनं स्वतः दुपारी पदराआड काकोडकर वाचलेले असतात. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ मध्ये लेखक निर्दोष सुटला. तेव्हा कुणाच्या उशाखाली काय आहे, यावर घरातल्यांनी पुन्हा न्यायालय भरवू नये. तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. न विचारता रात्री मुलीच्या खोलीत शिरून तिला झोपलेली बघत बसणारा तरुण हा नायक कसा? १५ वर्षांच्या मुलीनं त्याला आदर्श मानलं तर काळजीच करायला हवी. पण आपल्या बाईला हे कळत नाही असं समजू नये. प्रत्यक्षात कुणी असा घुसला, तर ती आरडाओरडा करून सगळी सोसायटी उठवेल. फक्त तो एडवर्डच निघाला, तर आधी त्याच्या हातात बाळ देईल, ढेकर काढायला सांगेल आणि कूस बदलून झोपेल.

इतकं सगळं तिच्या बाजूनं मांडल्यावरही ती माणसाला पिडते, हे नाकारता येत नाही. बारशाच्या जेवणात एडवर्ड, लसीकरणाच्या रांगेत एडवर्ड. मात्र हे फार दिवस टिकत नाही. आठव्या-नवव्या महिन्यात कधीतरी बाळ सलग झोपायला लागतं, चारही भाग वाचून झालेले असतात, आणि तिची चेष्टा करणाऱ्यांना थोडं चुकल्याचुकल्यासारखं होतं. फक्त सवय जात नाही. रात्री तीनला तिचे डोळे आपोआप उघडतात. घर शांत असतं, नवरा घोरत असतो, मोबाइल उशाशी तसाच पडलेला असतो. ती उठते, पाळण्याशी जाते, बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते आणि मग तिथंच खाली बसते. कुणी बोलावलेलं नसतं. करण्यासारखं काही नसतं. आत एक जीव झोपलेला असतो आणि ती त्याच्याकडे बघत उजाडेपर्यंत जागी असते.